मुदत संपली ती त्याची

आमच्या गावात अजूनही असंच सांगतात की, माझ्या मित्राला कंपनीच्या गेटवर वॉचमननं पकडलं. वॉचमनचं उगाच नाव झालं. त्या संध्याकाळी मीच त्याला म्हणालो होतो, "आज जरा भाकरीची फडकी सोडून बघा की, राव." तो वॉचमन गेला, आबा, म्हणजे माझे वडील, तेही गेले. मित्र ठणठणीत आहे. म्हणून हे त्याच्या हयातीतच लिहायचं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. चाकणजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघं सायकलवर भोसरीला कामाला जायचो. त्याला कंपनीत मीच चिकटवलं. 'पोरगं गुणी आहे, बाप नाही त्याला,' असं म्हणत साहेबांच्या मागे लागलो होतो. वर्षाच्या आत लोखंड कातायची नवी लेथ आली आणि साहेबांनी ती त्याच्या हाती दिली. मी ड्रिलिंग मशिनवर भोकं पाडत राहिलो. लेथबरोबर त्याला मायक्रोमीटर मिळाला. केसाची जाडीसुद्धा सांगणारं हत्यार. तो ते तान्ह्या लेकरासारखं मऊ कापडात गुंडाळून ठेवायचा. मोजताना त्याचे ओठ हलायचे. माझं लक्ष हातातल्या कामापेक्षा त्या ओठांवर जास्त असायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कंपनीत मशिनला हार घालतात तो वेगळा. घरीही घटापुढे ज्यानं त्यानं आपलं हत्यार मांडायचं. आमच्या घरात आबांचा फाळ आणि कुऱ्हाड. त्याच्या घरात बापामागे उरलेला एक गंजका विळा. आता कमावता तो होता आणि त्याचं हत्यार कंपनीच्या कपाटात होतं. त्यानं ठरवलं की मायक्रोमीटर घरी न्यायचा, पूजेला लावायचा, दसरा झाला की परत आणायचा. हे त्यानं फक्त मला सांगितलं.

"आईला दावायचाय रं. तिला वाटतं, मी तिथं हमालीच करतो."

"साहेबांना इचार की."

"ते न्हाई म्हणत्याल. मग न्यायचा कसा?"

शेवटी त्यानं तो भाकरीच्या फडक्यात लपवला आणि मी वॉचमनच्या कानाला लागलो. माझा अंदाज असा की साहेब त्याला झापतील, लेथ काढून घेतील, एवढंच. पण त्याआधी स्टोअरमधून बरंच काही नाहीसं झालं होतं. साहेबांनी सरळ पोलिसांना बोलावलं.

पुण्याच्या कोर्टात त्यानं काही लपवलं नाही. "नेत हुतो हे खरं. पूजेला नेत हुतो हेबी खरं." कोर्टात हशा पिकला. मी मागच्या बाकावर आबांशेजारी बसलो होतो. तो आत गेला तर माझं काय होईल, याची भीती वाटत होती. आणि त्याच भीतीखाली कुठेतरी वाटत होतं, जाऊ दे आत.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याला तुरुंगात पाठवलं नाही. पहिलाच गुन्हा, वस्तू जशीच्या तशी मिळालेली, पोरगा तरुण. आत पाठवला तर खरा चोर होऊन बाहेर येईल, असं ते म्हणाले. त्याऐवजी त्यानं चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून द्यायची आणि मुदत संपेपर्यंत प्रोबेशन अधिकाऱ्याच्या नजरेखाली राहायचं. मधे काही वाकडं पाऊल पडलं तर पुन्हा कोर्टापुढे उभं राहायचं, मग शिक्षा चुकायची नाही. हमीला एक जामीनदार हवा होता.

आबा उठले. "मी ऱ्हातो."

आधल्याच वर्षी मी हप्त्यानं सायकल घ्यायला निघालो होतो, तेव्हा दुकानदारानं जामीनदार मागितला. आबा म्हणाले होते, "जामीन ऱ्हाणाऱ्याचं घर आधी जातं." मी मामाची जुनी सायकल चालवत राहिलो. आणि आज कोर्टात, कुणी विचारायच्या आत, हा माणूस दुसऱ्याच्या पोरासाठी उठला. अंगठा उमटवताना त्यांचा हात जराही थबकला नाही. मी बघत होतो.

कंपनीनं त्याला काढलं. पण प्रोबेशनच्या साहेबांनी भोसरीतल्याच एका लहान वर्कशॉपच्या मालकाशी बोलून त्याला पुन्हा लेथवर लावलं. हे साहेब मधूनमधून एसटीनं गावात यायचे. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. त्याच्या आईकडे चहा, आमच्याकडे भाकरी. मालक काय म्हणतो, पगारातलं आईला देतो का, रात्रशाळेत जाशील का, सगळी चौकशी. निघताना मला विचारायचे, "काय हो, कसं चाललंय त्यांचं?" माझं कसं चाललंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी चोरी केली नव्हती ना! सरळ वागणाऱ्याच्या घरी सरकार कशाला येईल?

तोही आता माझ्या वडिलांना 'आबा' म्हणायला लागला होता. आणि आबा त्याला हाक मारताना जो आवाज काढत, तो माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

एका शनिवारी आबांना चाकणच्या बाजारात बैल बघायला जायचं होतं. त्यांनी आधी मला विचारलं. आम्हा दोघा मित्रांची त्या आठवड्यात दुसरी, दुपारनंतरची पाळी होती. मी म्हणालो, "दमलोय, झोपू द्या." मग ते त्याला घेऊन गेले. अंथरुणातून मला दोघांचं हसणं ऐकू येत होतं. झोप लागली नाही.

तेवढ्यात प्रोबेशनचे साहेब आले. मित्र कुठे आहे, म्हणून विचारलं. मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "असंल चाकणला, जुगाराच्या अड्ड्यावर. आजकाल पितोबी, साहेब. आबांना सांगू नका, त्यांना सोसायचं न्हाई."

साहेबांचा चेहरा उतरला. "मग मला कोर्टाला कळवावं लागेल," ते म्हणाले आणि भाकरी न खाताच आल्या पावली निघाले. कोर्टाला कळलं असतं तर मित्र आत गेला असता आणि आबांची हमीही बुडाली असती. मला हे कळत होतं. तरी मी हाक मारून त्यांना थांबवलं नाही. कामाला जायची वेळ झाली तेव्हा सायकल काढली आणि गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात नवा बैल होता. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"जुगारात जिकला म्हनं त्यानं ह्यो," ते बैलाकडेच बघत म्हणाले.

मी वैरणीची पेंढी सोडायला घेतली.

"साहेबांनी आधी अड्डं पालथं घातलं, मंग आमी दिसलो. त्यो चहा आणाया गेलता, तवा मला बाजूला घेऊन सांगितलं. तू खोटं बोललास ह्ये कळवणार न्हाईत ते. मी हात जोडलं, माझ्याच पोरासाठी." मग त्यांनी विचारलं, "गेटवरबी तूच?"

मी बैलाच्या खुरांकडे बघत राहिलो. त्यांना उत्तर मिळालं.

मला वाटलं, आता कुऱ्हाडीचा दांडा पाठीत बसणार, नाहीतर घराबाहेर काढणार. पण आबा म्हणाले, "त्याला सांगायचं न्हाई. कळलं तर त्यो तुला बडवंल, आन बडवलं तर आत जाईल. त्याची मुदत हाय तवर तोंड बंद. आन दर महिन्याला त्यो पुण्याला हजेरी द्यायला जातो ना, तवा तू संगं जायाचं. भाईर बसायचं. तुझी मुदत कवा संपली ते मी सांगंन."

आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. दर महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही दोघं एसटीनं पुण्याला जायचो. तो आत जायचा, मी व्हरांड्यातल्या बाकावर. दार उघडं असायचं. साहेब त्याला विचारत, तो सांगे, मग दोघं हसत. मला वाटायचं, आत बोलवावं, मलाही कुणी काही विचारावं. साहेब जाता-येता माझ्याकडे बघत, पण बोलत नसत. मित्राला मात्र भरून यायचं. "सुट्टी मोडून येतोस, लेका. सख्खा भाऊ आला नसता." मोशीच्या पुलावरून एसटी जाताना तो हे हमखास म्हणायचा आणि मी खिडकीतून नदी बघायचो.

त्याची मुदत संपली तेव्हा साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला. बाहेर येऊन त्यानं मला उसाचा रस पाजला. घरी आबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडात गूळ घातला. मी उंबऱ्यात उभा राहिलो. माझीही मुदत संपली असं म्हणतील, म्हणून वाट बघितली. ते बैलाला पाणी पाजायला निघून गेले. त्या हिवाळ्यात आबा वारले, अचानक, शेतातच.

मित्रानं पुढे भोसरीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं. दर खंडेनवमीला मशिनपुढे मायक्रोमीटर मांडतो, आता स्वतःचा. नारळ मलाच फोडायला लावतो. नातवंडांना सांगतो, "ह्यो माझ्यासंगं कोर्टाच्या पायऱ्या चढलाय, प्रत्येक महिन्याला आलाय." मी नारळ फोडतो.

यंदा नारळाला हात लावण्याआधी हे सगळं त्याला वाचून दाखवणार आहे. तो म्हातारा झालाय, बडवलं तरी किती बडवेल? आणि आता बडवलं म्हणून त्याला कुणी आत टाकणार नाही. भीती त्याची नाही. तो ऐकून घेईल, चष्मा पुसेल आणि कदाचित माफही करेल, आणि तेवढंही पुन्हा त्याच्याच खात्यावर जमा होईल. त्याची मुदत संपली असं एका साहेबानं हात हातात घेऊन सांगितलं होतं. या वयातही मला त्याचा हेवा वाटतो, तो तेवढ्याचाच.