एका गाईचे लाड

आमच्या सोसायटीत एका कुत्र्याचा वाढदिवस क्लबहाउसमध्ये साजरा झाला आणि मी तिथे जाऊन केक खाल्ला, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे चिडून लिहिणार आहे त्यात मी स्वतः धुतल्या तांदळासारखी होते असं कोणाला वाटायला नको.

माझं सगळं आयुष्य खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. ऑफिसात मी पत्रं आणि परिपत्रकं तयार करायचे. निवृत्त झाल्यावर वाघोलीला फ्लॅट घेतला. इथे मला दोन मैत्रिणी मिळाल्या. या वयात नवी मैत्रीण मिळत नाही असं मला वाटायचं, मला दोन मिळाल्या. रोज चारच्या चहानंतर आम्ही तिघी बी बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपाशी एका सिमेंटच्या बाकावर बसायचो.

पहिली मैत्रीण मूळची इथलीच. आमचं बाक जिथे आहे तिथे तिच्या सासऱ्यांची विहीर होती. हे ती अगदी सहज सांगायची, जसं आपण बसस्टॉप कुठे आहे ते सांगतो. जमीन बिल्डरला दिली, त्या बदल्यात तळमजल्यावर घर मिळालं. भिंतीपलीकडे एक चिंचोळी पट्टी तेवढी त्यांच्याकडे राहिली. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये तिची गाय होती. नवरा गेलेला, मुलगा-सून नोकरीच्या सोयीनं हिंजवडीकडे राहायला गेलेले. पहाटे पाचला ती उठायची ती गाईसाठी. बाकावर आमच्याशी बोलतानाही तिचा एक कान भिंतीपलीकडे असायचा.

दुसरी मैत्रीण पुण्यातल्या जुन्या मुसलमान घरातली. कॅम्पात लहानाची मोठी झालेली, सासरचा मार्केट यार्डात मिरची-मसाल्याचा घाऊक धंदा. तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. तिच्याकडे एक म्हातारी मांजर होती, ती टीव्हीसमोरच्या खुर्चीवरून कोणी उठवलं तरी उठायची नाही. "आमच्याकडे रिमोट तिच्याकडे असतो, आम्ही फक्त वीजबिल भरतो," असं मैत्रीण म्हणायची.

आमच्या गप्पा म्हणजे घर, सुना, मांजर, गाय आणि मालिका. त्या वेळी एक मालिका जोरात होती, तिच्यात गावातला मोठा वाडा, दागिन्यांनी मढलेल्या सुना आणि दारात एक पांढरीशुभ्र गाय. मी ती मालिका भक्तिभावानं बघायचे. पहिली मैत्रीण ती बघायची आणि हसायची.

"ते वासरू तिचं न्हाई," ती एकदा म्हणाली.

"कशावरून?"

"ती त्याला हुंगंना. लाथच मारतीय. आन् ती सून तिला काय घालतीय, बघितलंस का? पुरणपोळ्यांची अख्खी चवड. मारायची हाय का तिला?"

आम्ही हसलो. मला वाटलं, खेड्यातली माणसं मालिकांना नावं ठेवतातच. त्या बोलण्यात काही शिकण्यासारखं असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

वाघोली महापालिकेत गेली आणि आमच्या लोकांना एकदम नियम पाठ झाले. सोसायटीत चौदा कुत्री होती. पावसाळ्यात त्यांना रेनकोट असायचे, लिफ्टमधून ती माणसांच्या आधी उतरायची, आणि जिन्यात त्यांनी काही करून ठेवलं तर "बिचारा आजारी आहे" एवढ्यावर भागायचं. पण भिंतीपलीकडच्या गाईचा वास येतो, माश्या येतात, म्हणून सह्यांचं पत्र निघालं. पहिली सही खजिनदारबाईंची. त्यांच्या घरात दोन कुत्री. अध्यक्षांनी माझ्या मैत्रिणीला बोलावून सांगितलं, "आपण समजूतदार आहात. दिवाळीनंतर काहीतरी सोय करा, नाहीतर आम्हाला महापालिकेत अर्ज द्यावा लागेल." जिच्या सासऱ्यांच्या जमिनीवर हे ऑफिस थाटून बसलेत तिला हे सांगताना त्यांनी खुर्चीसुद्धा पुढे केली नव्हती.

ती बाकावर येऊन बसली तेव्हा नेहमीसारखीच दिसत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "सासूबाईंच्या गाईची ही नात. त्या वंशातली हीच उरली. ही गेली तर म्या सकाळी उठू कशासाठी?"

मला असा संताप आला की मी त्याच दिवशी ठरवलं, गाय इथून हलू द्यायची नाही. आणि संताप आला की माझ्या हाताला शब्द सुचतात, हा माझा जुना रोग. भांडून उपयोग नव्हता. लोकांना ती गाय म्हणजे नुसता वास वाटत होती, ती डोळ्यांनी बघितली की त्यांचं मन बदलेल असा मी विचार केला. वसुबारस जवळ आली होती. सवत्स गाय पुण्यात शोधून सापडत नाही, आणि आमच्या भिंतीपलीकडे एक गाय तिच्या वासरासकट उभी होती. मी सूचना लिहिली. 'आपल्या दाराशी गोमाता. प्रत्येक कुटुंबाने नैवेद्याचे ताट घेऊन सहकुटुंब उपस्थित राहावे.' बत्तीस वर्षांची नोकरी त्या दोन ओळींत होती. कमिटी खूश झाली.

वसुबारस सोमवारी होती. आमच्या कमिटीनं ती सोयीसाठी आदल्या रविवारी, सकाळी दहाला ठेवली. माझी मैत्रीण म्हणाली, "गाय सांजच्याला पूजत्यात. रानातनं घरी आल्यावर."

"आता रान कुठंय?" मी म्हणाले. मी हे खरंच म्हणाले, आणि तिच्याच तोंडावर.

तिनं गाईला धुतलं, शिंगांना तेल लावलं, वासराच्या गळ्यात घुंगरू बांधलं. पार्किंगमध्ये रांगोळी, माइक, स्टँडवर लावलेला मोबाइल. नऊवारी नेसलेल्या बायका लिफ्टमधून ताटं घेऊन उतरल्या आणि रांग गेटपर्यंत गेली. पुरणपोळ्या, वरणभात, पुऱ्या, श्रीखंड, कोणी तर गुलाबजाम. प्रत्येकीला आपला फोटो हवा होता, आणि फोटोत गाईनं घास घेतलेला हवा होता. पहिला फोटो हलला म्हणून एकीनं दोनदा भरवलं.

माझी मैत्रीण दावं धरून उभी होती. "एकेकच घास द्या बायांनो," ती म्हणत होती, "नुसता तोंडाला लावा." माइकच्या आवाजात कोणाला ऐकू जात नव्हतं. मग ती एका ताटाच्या आड हात घालायला पुढे झाली, आणि मी तिचा हात धरला.

"राहू दे गं," मी म्हणाले. "आज त्यांचं मन जिंकायचंय. एक दिवस खाल्लं तर काय होतंय?"

दुसरी मैत्रीण लांब, खांबापाशी उभी होती. तिनं मला खुणेनं बोलावलं. "पुरे कर हे आता. एका पोटात किती घरं घालणार आहात?"

"मग तू सांग ना त्यांना."

तिनं आवाज खाली आणला. "गाईच्या बाबतीत मी तोंड उघडायचं? या लोकांसमोर? अगं, मी उद्या या लिफ्टमधून खाली उतरू नको का? तू बोल. तुझं ऐकतील."

तिला हे बोलावं लागलं याची मला आजही लाज वाटते, आणि ज्यांच्यामुळे बोलावं लागलं त्यांचा राग येतो. पण त्या वेळी मी काय केलं? मी म्हणाले, "थोडीच ताटं राहिलीत." आणि परत जाऊन रांग सरळ केली.

दुपारी दोनला गाय फुगली. आम्ही शेडमध्ये गेलो तेव्हा तिची डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली होती. ती रवंथ करत नव्हती, दात खात होती, उठायची, पडायची. वासरू दाव्याला हिसके देत ओरडत होतं. माझ्या मैत्रिणीनं गोडेतेलात खायचा सोडा कालवून बांबूच्या नळ्यानं पाजलं, तिचं तोंड वरच्या अंगाला राहील अशी उभी केली, पोट चोळलं. मी म्हणाले, "मी काय करू?" ती चोळतच राहिली.

सणाचे दिवस, जनावरांचे डॉक्टर फोन उचलेनात. दुसरी मैत्रीण स्कूटर काढून गेली आणि तासाभरानं एका डॉक्टरांना मागच्या सीटवर बसवून घेऊन आली, जेवणावरून उठवून. त्यांनी गाईच्या घशातून नळी पोटात सोडली. वायू सुटला, पण पुरता नाही, म्हणून नंतर डाव्या कुशीत जाड सुई घालावी लागली. त्या वासानं मी दारापर्यंत मागे सरकले. माझी मैत्रीण गाईचं तोंड मांडीवर घेऊन बसून होती.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं एकेक पदार्थ सांगितला.

"एवढं? कोणी घातलं?"

मैत्रीण गाईचं तोंड पुसत होती. मी म्हणाले, "लोकांनी."

हा शब्द मी उच्चारला तेव्हा दुसरीनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घालून मोबाइल उघडला. सोसायटीच्या मोबाइल ग्रूपवर तेव्हा फोटोंचा पाऊस पडत होता. हात जोडलेले, बदामाचे, फुलांचे शेरे. खजिनदारबाईंनी लिहिलं होतं, 'किती प्रेमळ डोळे आहेत तिचे!' ते प्रेमळ डोळे त्या वेळी पांढरे होत होते. मी ग्रूपवर खरं काय ते लिहिलं, गाय अत्यवस्थ आहे म्हणून. त्यावर पाच-सहा जणांनी रडके चेहरे पाठवले, एकानं विचारलं की आता पार्किंग कोण धुणार, आणि पुन्हा फोटो सुरू झाले. खाली उतरून, भिंतीला वळसा घालून शेडपर्यंत यायला चार मिनिटं लागतात. कोणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाय रवंथ करायला लागली. मला इतका आनंद झाला की मी देवाला साखर ठेवली. आणि दिवाळी संपल्यावर कमिटीची सभा झाली, तिच्यात ठराव झाला. तक्रारपत्र मागे. गाय आहे तिथेच राहू द्यावी. तिला सोसायटीची गोमाता म्हणावं, दर सणाला आणि मुलांच्या वाढदिवसांना तिला पार्किंगमध्ये आणावं, म्हणजे मुलांना ग्रामीण जीवनाची ओळख होईल. सर्वानुमते. मी तो कागद घेऊन जवळजवळ धावतच बाकाशी गेले आणि मोठ्यानं वाचून दाखवला.

"न्हाई राहायची ती इथं," माझी मैत्रीण म्हणाली. "धाकट्या भावाला निरोप धाडलाय. शिरूरकडं त्याचं रान हाय. परवा टेम्पो येतुय."

मला भडकायला काय लागतं? मी भडकले. एवढी धडपड केली, एवढे लोक वळवले, गाय वाचली, ठराव झाला, आणि ही म्हणते नको. मी तिला नाही नाही ते बोलले. तुम्हा लोकांना केलेल्याची किंमत नसते, असंसुद्धा बोलले. तुम्हा लोकांना! दुसरी मैत्रीण म्हणाली, "आता गप बस तू." मी गप बसले नाही.

पहिली मात्र आवाज न चढवता बोलली. "दोन वरीस नाकं मुरडली ह्यांनी. तिला काय झालं न्हाई. एक दिस लाड केला, तर मरायला टेकली. राग केला तर माणूस लांब तरी राहतं गं. आता तर ही समदी ताटं घिऊन येणार, दर सणाला. म्या कितीदा आडवी पडू?" मग म्हणाली, "आन् तवा माझा हात त्यांनी न्हवता धरला. तू धरलावता."

मी ठरावाच्या कागदाची घडी घातली आणि तो पर्समध्ये टाकला.

टेम्पो सकाळी आला. बाल्कन्यांमधून लोक बघत होते, मोबाइल वर धरून. खजिनदारबाई हळदकुंकू आणि झाकलेलं ताट घेऊन खाली आल्या, त्यांचे डोळे खरोखरच भरले होते, आणि त्या भरलेल्या डोळ्यांचा मला इतका राग आला की मी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. "घरी जा," एवढंच म्हणाले. ते ताट हातात घेऊन मी उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, लांबून बघणाऱ्याला मी आणि त्या सारख्याच दिसत असणार.

मी ताट भिंतीवर ठेवलं. वासरू आधी टेम्पोत चढवलं, पण गाय फळीवर पाय ठेवीना. भाऊ मागून रेटत होता, दुसरी मैत्रीण खुशाल पदर खोचून पुढून चारा दाखवत होती, आणि माझी मैत्रीण एका हातानं दावं ओढत दुसऱ्या हातानं गाईचा गळा खाजवत होती. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, हे मला दिसत होतं. मी जवळ गेले.

"दावं दे माझ्याकडे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं दावं स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट केलं आणि म्हणाली, "राहू दे. तू सर जरा बाजूला."