विजूचा एक जून

विजू गेल्याचं मला माणसानं नाही, फ्लेक्सनं सांगितलं. सकाळी चहा गाळत होते. फोन वाजला म्हणून बघितलं तर काळ्या चौकटीत एक बाई. डोळ्यांवर गॉगल, डोक्याला अरबी रुमाल, मागं ढगात घुसलेली इमारत. खाली सोनेरी अक्षरांत ‘कै. सौ. प्रतिभा प्रतापराव’, जन्म एक जून, आणि मग नेहमीचं भावपूर्ण वगैरे. खरं सांगते, आधी मी ते पुढं सरकवलं. रोज एक तरी असला फोटो येतोय. कोण कुणाच्या ओळखीचं ते बघत बसलं तर चहा आटून जायचा. मग हात थांबला, मागं आले, गॉगलखालचं हसू नीट बघितलं... विजू. आदल्या दिवशीच दवाखान्यात जिचा हात धरून बसले होते ती विजू. तिच्या नवऱ्याला मला एक फोन करायला सवड झाली नव्हती, पण फ्लेक्सवाल्याकडं फोटो निवडायला झाली होती. रडू आलं ते नंतर. आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. ज्यांना मऊ शब्द हवे असतील त्यांनी तो फ्लेक्स वाचायचा होता. चौकात महिनाभर लावला होता.

ती प्रतिभा नव्हती आणि एक जूनलाही जन्मलेली नव्हती. ती विजया. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमची दारं समोरासमोर होती. तिचे वडील सायकलींचं दुकान चालवायचे. दसऱ्याच्या संध्याकाळी ते दसरा चौकातनं सोनं लुटून, खिशात आपट्याची पानं कोंबून घरी आले, तर आत पोरगी रडत होती. विजयादशमीची म्हणून विजया, एवढं साधं. तिथीवर वाढदिवस करायची पद्धत, त्यामुळं तिची आई दरसाल दसऱ्याला तिला पाटावर बसवून ओवाळायची, आणि ही टिकली पाटावर बसून माझ्याकडं बघून म्हणायची, “शैले, माझ्या वाढदिवसाला हत्ती-घोडी येत्यात. तुझ्याला काय येतंय?” माझ्याला काय येणार? मी श्रावणातली. चिखल येतोय.

एक जूनचं मात्र आम्हा दोघींचं सारखंच. तरुण वाचकांसाठी सांगते. आमच्या वेळी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी तारीख विचारायचे, आणि आईबाप सांगायचे, “दसऱ्याला झाली बघा,” नाहीतर “म्हस व्याली त्याच आठवड्यात.” गुरुजी कशाला पंचांग काढत बसतील? जूनमध्ये शाळा, म्हणून टाक एक जून. वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मली. पुढं तीच तारीख रेशनकार्डावर, आधारवर, पासपोर्टावर. आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. सरकारचा वाढदिवस वेगळा आणि आपला वेगळा, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. प्रतापरावांना कळलं नाही.

प्रतापरावांचं शाहूपुरीत मोटारपंपांचं दुकान. माणूस उंचापुरा, आवाज त्याहून मोठा. कुठंही जाऊ दे, आधी खुर्ची बघणार, मग फोटोवाला कुठं उभा आहे ते बघणार. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितात, तेव्हा यांनी मोठ्या झोकात ‘प्रतिभा’ लिहिलं. का, तर प्रताप-प्रतिभा. दारावरच्या पाटीत शोभतंय. मी करवल्यांच्या घोळक्यात होते. विजूनं ताटात वाकून बघितलं, मग मान वर करून मला शोधलं, आणि भुवया अशा उडवल्या की मला हसू आवरेना. पण ते तेवढ्यापुरतं. पुढं महिन्याभरानं भेटली तेव्हा सासूबाईंचं सांगताना म्हणाली, “आत्याबाई हाका मारत्यात आणि मी खुशाल भाकरी थापत बसत्ये. मला वाटतंय, शेजारच्या कुणाला तरी हाक मारालत्या.” सगळ्यांनी तिला ठार बहिरी ठरवलं होतं.

नाव गेलं ते गेलं, त्याच्याबरोबर वाढदिवसही गेला, हे तिच्या ध्यानात आलं पहिल्या दसऱ्याला. विजया म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का गं, दसऱ्याची काय? प्रतिभेला काय विचारणार? त्यातनं यांच्या घरी दसरा म्हणजे दुकानाचा सण. खंडेनवमीला पंपांची पूजा, दसऱ्याला दुकानातल्या झाडून सगळ्यांचं जेवण. ही पहाटेपासनं पुऱ्या तळत उभी. दुपारी मी सोनं द्यायला गेले की पिठाच्या हातानं पान घ्यायची, पदरात बांधायची आणि हळूच म्हणायची, “ओवाळल्यागत कर की जरा.” मी नुसता हात फिरवायची. बाहेर प्रतापराव कामगारांना दसऱ्याचं महत्त्व समजावून सांगत असायचे, मोठ्यानं.

“सांग की त्यांना,” मी दर वर्षी म्हणायची. तिचं उत्तर ठरलेलं. “मागून घेतलेला वाढदिवस कसला गं? त्यांनी एकदा विचारू दे, तू कधीची म्हणून. एकदाच. लगेच सांगत्ये.” मला तिनं शपथ घातली होती, तू मध्ये तोंड घालायचं नाही. मी म्हणायची, खुळी हायस, या माणसाला स्वतःशिवाय काही विचारायची सवय न्हाई. ती म्हणायची, बघू. पोरबाळ झालं नाही. घरात दोघंच होती, म्हणजे विचारायला वेळ नव्हता असंही नाही. गाव म्हणायचं, दुसरी केली नाही हो, देवमाणूस! दुसरी बायको केली नाही म्हणून ज्याला देव म्हणतात, त्या देवाची पायरी केवढी असंल ते तुम्हीच बघा.

यंदा कागदोपत्री तिला साठावं लागलं... आणि प्रतापरावांना परदेश सुचला. त्यांच्या व्यापारी मंडळात कुणीतरी बायकोचा वाढदिवस सिंगापुरात केला होता. मग हे मागं कसे राहतील? दुबई ठरली. जूनच्या पहिल्या तारखेला दुबई! जिथली माणसंसुद्धा त्या दिवसांत गाव सोडून पळतात तिथं हे निघाले हौसेनं. पण टूरवाल्यानं सूट दिली होती, आणि सूट मिळाली की प्रतापरावांना ऊन लागत नाही. “मिसेसला सरप्राइज!” असं त्यांनी आधी मंडळाला सांगितलं, मग दुकानात, मग केशकर्तनालयात, आणि सगळ्यात शेवटी मिसेसला. विजू माझ्याकडं आली ती डबा घेऊनच. भडंग किती दिवस टिकतंय विचारायला आली होती. मी बडबडायला लागले तर म्हणाली, “असू दे गं. विमान तरी बघून येत्ये. आणि कुणी सांगावं, एवढ्या लांब गेल्यावर तरी काहीतरी बोलायचं सुचंल त्यांना.” साठीला आलेली बाई, आणि अजून वाट बघत होती. मला तेव्हाच त्या माणसाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली होती.

परत आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं, ते जसंच्या तसं सांगते. वाळवंटात प्रतापराव उंटावर बसले आणि वरनं हिनं खाली कुठं उभं राहायचं, फोटो कसा काढायचा, उंट कसा हाकायचा हे सगळ्यांना शिकवायला लागले. “शैले, आजवर नुसतं ऐकलतं,” ती म्हणाली, “उंटावरचा शहाणा त्या दिवशी डोळ्यांनी बघितला!” आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला ठसका लागला. मग बोटीवरचं सांगितलं. संध्याकाळी खाडीत दिव्यांची बोट, जेवण, गाणी आणि केक. टूरमधली सगळी आपल्याच भागातली, बहुतेक निवृत्त. टूरबरोबर आलेल्या पोरानं माईक घेऊन पुकारलं, आज ज्यांचा वाढदिवस आहे त्यांनी पुढं यावं. प्रतापरावांनी हिला ढकललं. ही उठली, आणि हिच्याबरोबर जवळजवळ अर्धी बोट उठली. सगळे एक जूनवाले! “एवढासा केक आणि सगळी गुरुजींची लेकरं,” विजू म्हणाली. प्रतापरावांचं तोंड बघण्यासारखं झालं म्हणे. मिरवायला आणलेली वरात, आणि दर दुसऱ्या घोड्यावर नवरदेव.

टूरचं पोरगं आपल्याकडचंच, कुरुंदवाडचं. त्याला मजा सुचली. म्हणाला, आता जोडीदारानं सांगायचं, खरा वाढदिवस कधी! आणि काय सांगू, एकेक म्हातारं लाजत उठायला लागलं. एक म्हणाला, ही नागपंचमीची, म्हणून फुत्कारत असते. एक बाई म्हणाली, आमचे बेंदराचे, बैलासारखे राबले. एका काकांना तिथी आठवेना तर रडकुंडीला आले, शेवटी म्हणाले, शेंगा काढायच्या दिवसातली आहे एवढं नक्की, आणि त्यांच्या बायकोनं सगळ्यांदेखत त्यांच्या गालावरनं हात फिरवला. माईक फिरत फिरत प्रतापरावांपाशी आला. विजूच्या तोंडात केकचा घास होता. तो गिळायचीही ती थांबली. “आणि वैनींचा खरा कधी?” पोरानं विचारलं. प्रतापराव उभे राहिले, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “आमचा खराच एक जून! आमच्यात खोटं चालत न्हाई!”

टाळ्या पडल्या. हे सांगताना विजू हसत होती, आणि मग एकदम हसायची थांबली.

“तू बोलली न्हाईस?” मी विचारलं.

“माइकवर? चारचौघांत त्यांचा पाणउतारा कशाला.”

“मग खोलीवर गेल्यावर तरी?”

“खोलीवर गेल्यावर ते फोटो पाठवत बसलते.” मग बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली आणि म्हणाली, “शैले, मला वाटायचं त्यांना ठाऊक न्हाई म्हणून विचारत न्हाईत. तसं न्हाई गं. त्यांना वाटतंय त्यांना ठाऊक हाय.”

श्रावणात एका सकाळी ती आंघोळीहून येताना पडली. मेंदूत रक्त साचलं होतं. दवाखान्यात गेले तेव्हा नर्स तिच्या कानाशी वाकून “प्रतिभामावशी, डोळे उघडा” म्हणत होती. प्रतापरावही हाका मारत होते, “प्रतिभा! ए प्रतिभा!” पापणी हलत नव्हती. मी पुढं झाले आणि म्हटलं, “विजे, मी आल्ये.” तिनं डोळे उघडले. अगदी सहज, पाटावर बसल्यासारखी माझ्याकडं बघत राहिली. प्रतापराव नर्सला म्हणाले, “ऐकायला कमी येतंय तिला, पहिल्यापासनं.” जन्मभर शेजारी झोपलेला माणूस, आणि हा त्याचा शोध. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स आला.

दिवसकार्याला सगळी जमली तेव्हा जो तो तेच बोलत होता. नशीबवान बाई. नवऱ्यानं साठावा दुबईत केला. कुणाच्या नशिबी असतंय? बायकासुद्धा डोळे पुसत तेच म्हणत होत्या आणि प्रतापराव मान खाली घालून ते ऐकत होते, मधूनच फोनमधली बोट दाखवत होते. मी बुंदीचा घास न खाताच उठले.

परवा दसरा झाला. वर्ष सरल्याशिवाय त्या घरी सण नाही, हे मला माहीत आहे. तरी मी आपट्याचं पान घेऊन गेले. दाराला तोरण नव्हतं. प्रतापराव बाहेरच्या खोलीत बनियनवर बसले होते, दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, “ताई, यंदा आमच्यात दसरा न्हाई.” मी म्हटलं, “मी दसऱ्याला आले न्हाई. विजूच्या वाढदिवसाला आले.” शपथ तिनं घातली होती. ती गेली, शपथही गेली.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ओटा कोरडा होता. त्या दिवशी त्या घरात पहाटेपासनं तेलाचा वास असायचा, यंदा कढई कोपऱ्यात पालथी घातली होती आणि तिच्यावर धूळ होती. तिथं पान ठेवलं. मागं चाहूल लागली. प्रतापराव दारात उभे होते. “वाढदिवस एक जूनला...” असं म्हणायला लागले आणि कढईकडं बघत राहिले. मग आवाज न चढवता, जणू घरात कुणी झोपलंय असं, त्यांनी विचारलं, “आज असायचा?”

शेवटी विचारलं. विजू ज्याची जन्मभर वाट बघत होती ते विचारलं, आपणहून विचारलं, आणि विचारलं मला. मी त्यांच्या बाजूनं वाट काढून बाहेर आले आणि चपला घातल्या.