घोंगडीखालचे मासे

जानेफळात रंगीत माशांचं दुकान चालेल असं रेणुकाशिवाय कुणालाच वाटलं नव्हतं. तिच्या वडिलांनाही नाही. पण लेकीच्या हट्टापुढे भाऊरावांनी हात टेकले आणि रस्त्याकडची खोली रिकामी करून दिली. लोक काचेला नाक लावून विचारायचे, "खायचे नाहीत, त मंग यायचं करायचं काय?" रेणुका सांगायची, "पाह्यचं." लोक हसत निघून जायचे आणि संध्याकाळी बायकोपोरं घेऊन परत यायचे, फुकटात पाहायला.

ती प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. पण त्या शास्त्राशी तिचं सख्य परीक्षेपुरतंच होतं. दुकान काढल्यावर एका पहाटे तिने शटर वर केलं, तर निळ्या-लाल पट्ट्यांचे निऑन मासे पार विटलेले. बया घाबरली. अकोल्याच्या व्यापाऱ्याला फोन लावून रडायलाच लागली. तो जांभई देत म्हणाला, "ताई, झोपेत हायेत ते. लाईट लावा आन चहा घ्या." चहा संपायच्या आत मासे पुन्हा झळकायला लागले, तेव्हा कुठे तिला कॉलेजात घोकलेलं, अंधारात शरीरात सुटणारं मेलाटोनिन खऱ्या अर्थाने कळलं. त्या दिवशी ती इतकी खूश होती की गिऱ्हाइकांना उगाचच सूट देत सुटली.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हिंमतराव. गावातले बडे शेतकरी. मुलीला, निशिगंधाला पाहायला धामणगाव बढ्याहून पाहुणे येणार होते, म्हणून त्यांनी बैठकीत काचेची मोठी पेटी बसवून घेतली. आत थवाभर निऑन मासे. पेटी पाहायला आदल्या दिवशी निम्मं गाव येऊन गेलं, आणि हिंमतरावांच्या आई रुखमाबाईंना धास्ती पडली. इतके चकाकणारे मासे, एखाद्याची नजर लागली तर? त्यांनी पेटीतला दिवा बंद केला आणि वरून काळी घोंगडी टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बसले, पोहे झाले. हिंमतरावांनी मोठ्या ऐटीत घोंगडी ओढली. आत तांदळाच्या पेजेसारखे फिकट मासे. पाहुण्यांपैकी एक काका मिशीत हसले. "रंग कच्चा होता वाट्टे."

हिंमतरावांचं डोकं फिरलं. फोनवरूनच त्यांनी रेणुकाला फैलावर घेतलं. "रंगवेल मासे देल्ले तू मले? आत्ताच्या आत्ता घेऊन जाय."

रेणुकाने स्कूटी काढली. रंगवलेले मासे विकते असं एकदा गावभर झालं की दुकानात कुत्रंही फिरकलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खिडकी लावलेल्या बैठकीत पाऊल टाकलं आणि पेटीतला बंद दिवा, जमिनीवरची घोंगडी दिसली. ती सगळ्यांसमोर हसली. हिंमतराव आणखीच भडकले.

"आजी, हे कवापासून होतं याच्यावर?"

"काल दिवेलागणीपासून," रुखमाबाई म्हणाल्या. "काऊन?"

रेणुकाने पेटीतला दिवा लावला, खिडकी सताड उघडली. "काका, यायच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात. त्यायले उजेड समजते. अंधार झाला की अंगात एक रस सुटते, आन मासा आपला रंग आवरून झोपते. आजीनं झाकलं, यायले वाटलं रातच हाय. चहा होऊ द्या. तोवर रंग नाही आला, त दुकानाची किल्ली तुमच्या हातात देईन."

बोलून गेली खरी, पण मनात शंका उरलीच. या नव्या जागेत मासे खरंच आजारी पडले असले तर? चहा आला. फुर्र फुर्र आवाज तेवढा चालू. नवरीमुलगी निशिगंधा डोक्यावरचा पदर विसरून काचेपाशी उकिडवी बसली.

"निळा येऊन राह्यला," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "लालही."

पाहुणे काका चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी येऊन बसले. हिंमतरावांनी घसा खाकरला आणि आपल्याला हे आधीपासूनच माहीत होतं अशा थाटात म्हणाले, "झोपले होते ते." रेणुकाचे डोळे भरून आले, म्हणून तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. रुखमाबाई मात्र घोंगडी उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच दुकानासमोर रुखमाबाई उभ्या, सोबत आळीतल्या दोन बायका. रेणुकाला वाटलं, आता म्हातारी भांडणार. तिने घाईघाईने शटर वर केलं आणि बटणाकडे हात नेला. रुखमाबाईंनी तिचं मनगट धरलं, अंधुक उजेडात सोबतच्या बायकांना काचेतले फिकट मासे बोटाने दाखवले आणि हळूच म्हणाल्या, "थांब माय. लाईट नको लावू. झोपू दे त्यायले."