न हसता सांगायची गोष्ट

विजयलक्ष्मी राव चौसष्ट वर्षांच्या आहेत. कुंभकोणमच्या टपाल कार्यालयातून त्या निवृत्त झाल्या. दर वर्षी गोविंदपुरमच्या एका भजन मंडळीच्या उत्सवात त्या घरच्या तंजावरी मराठीत अर्धा तास कीर्तन करतात. गेल्या वर्षी पंधराव्या मिनिटाला माणसं उठू लागली. शेवटी सात जण उरले, त्यांतले दोघे झोपलेले. यंदा उत्सवाला दोन महिने असताना मंडळीचे कार्यवाह गुरुमूर्ति घरी आले. ती अर्ध्या तासाची वेळ पापनाशमच्या गायकांना दिली आहे, असं त्यांनी कॉफी संपवून सांगितलं. बाईंना आधी दहा मिनिटं मिळतील. ती रंगली तर पुढच्या वर्षाचं पाहू.

त्याच आठवड्यात बाई पायरीवरून घसरल्या आणि डाव्या पायाला प्लास्टर बसलं. भावाची मुलगी कीर्ति चेन्नईहून दहा दिवस राहायला आली. तिने टॅबलेटवर एक जुना ब्रिटिश विनोदी कार्यक्रम लावून दिला आणि तो विनोदी आहे हे न सांगता ती डोसे घालायला आत गेली.

पडद्यावर सूट घातलेला एक गृहस्थ टेबलामागे बसून बोलत होता. बाईंच्या वडिलांचा नियम होता, की संध्याकाळी रेडिओवर लंडनच्या बातम्या लागल्या की घरात कोणी बोलायचं नाही आणि अवघड शब्द वहीत उतरवायचे. त्या घरातली सगळी मुलं इंग्रजी तशीच शिकली. बाईंनी सवयीने पेन घेतलं. गृहस्थ कपाटांच्या आतलं हवामान सांगत होता. वरच्या फळीवर हलका पाऊस, मोज्यांच्या खणात धुकं. बाईंनी दोन शब्द उतरवले. मग त्याच्या मागून दोन न्यायाधीश न्हाणीचा टब उचलून गेले. तो हवामान सांगतच राहिला.

कीर्ति बाहेर आली तेव्हा आत्या हसून हसून डोळे पुसत होती.

“किती वेळ खरं वाटलं तुला?”

“चार मिनिटं. खण उघडताना छत्री घ्या म्हणाला, तेव्हा शंका आली.”

पुढल्या चार दिवसांत बाईंनी सगळे भाग पाहिले. गोष्ट मध्येच सोडून दुसरीकडे जाण्याचं त्यांना नवल वाटलं नाही. कीर्तनातही तेच चालतं. नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. पडद्यावरचं कोणीच हसत नव्हतं. त्यांनी कीर्तीला गेल्या वर्षीचं कीर्तन फोनवर लावायला सांगितलं. त्यात प्रत्येक गमतीआधी बाई स्वतः हसत होत्या आणि नंतर ती गंमत तमिळमध्ये समजावत होत्या.

“मीच आधी हसून घेते,” त्या म्हणाल्या. “मग त्यांच्यासाठी काय उरणार?”

उरलेले दिवस तालीम चालली. कीर्ति समोर बसायची, आत्याच्या ओठांवर हसू आलं की पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी अकरा वेळा.

उत्सवाला बाई काठी टेकत गेल्या आणि खुर्चीवर बसून बोलल्या. गोष्ट अशी, की तंजावरच्या दरबारात माडांच्या सावल्या मोजून दप्तरात लिहिणारा एक कारकून होता. संध्याकाळी शेजाऱ्याच्या शेतात गेलेली सावली सकाळपर्यंत परत करावी, असा त्याचा हुकूम होता. बाहेरच्या मराठी माणसाला जुन्या कागदासारखी वाटणारी त्यांची घरची भाषा या कामाला नेमकी बसली. समोर मात्र शांतता होती. बाई न थांबता सांगत राहिल्या.

तिसऱ्या रांगेतले राइस मिलवाले व्यंकोबा अगदी गंभीरपणे म्हणाले, “मग परत दिली की नाही?”

“दिली. पण वाटेत कालव्यात पडली. वाळत घातली आहे.”

मागून कोणी तरी हसलं, मग रांगेमागून रांग. तमिळमध्ये काही समजवावं लागलं नाही. गायक तंबुरा लावून बसले होते. त्यांना अजून दहा मिनिटं थांबावं लागलं. उठून कोणी गेलं नाही.

बाई रिक्षात बसत असताना गुरुमूर्ति जवळ आले. पुढल्या वर्षी अर्धा तास तुमचाच, असं त्यांनी सांगितलं.

“चाळीस मिनिटं लागतील,” बाई म्हणाल्या.

गुरुमूर्तींनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.