कोथरूडमधलं सर्फिंग

आमच्या घराण्यात समुद्रात घोट्याच्या वर कोणी गेलेलं नाही. त्यामुळे मी विशाखापट्टणमला सॉफ्टवेअरची नोकरी घेतली तेव्हा आईने एकच अट घातली. समुद्र लांबून बघायचा.

मी तो दोन वर्षं लांबूनच बघितला (असं आईला सांगितलं). प्रत्यक्षात लॅपटॉप मिटला की मी थेट वाळूत! तिथेच ताजी तळलेली मासळी, तिथेच कॉफी, आणि रविवारी सकाळी सर्फिंग. म्हणजे लांब फळीवर उभं राहून लाटेवरून किनाऱ्याकडे घसरत यायचं. पुण्यात सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना देवाचं नाव घेणारी मी तिथे लाटेवर उभी राहायला लागले. इतक्या सुखात मी कधीच नव्हते. ते सुख पचलंही असतं, पण मी त्याचा व्हिडिओ काढला आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचा तो घरच्या ग्रुपवर टाकला.

मावशीने हात जोडलेले पाठवले. मामाने सवयीने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. आणि आईचा फोन आला.

"जुई, राजीनामा दे. हिंजवडीत काय कमी नोकऱ्या आहेत?"

"अगं, हिंजवडीचं ट्रॅफिक माहितीये ना तुला?"

"ट्रॅफिकमध्ये माणूस बुडत नाही."

तिला समजवायला मी रजा टाकून कोथरूडला आले. आमची आई आरडाओरडा करत नाही. ती फक्त आमटीत गूळ घालायचं थांबवते. दोन दिवस तसली आमटी जेवल्यावर मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला लागले होते.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले शेखकाका चहाला आले. काकांची लाकडाची वखार आहे, त्यामुळे फळीबद्दल कुठेही चर्चा चालली असली तरी त्यांना बोलावं लागतं.

"वहिनी, न बघता नाही कशाला म्हणता? पोरीला करून दाखवू दे. फळी मी देतो."

"आणि समुद्र?" आईने विचारलं.

समुद्राची सोय बाबांनी केली. बाबा घरातली कुठलीही वस्तू टाकत नाहीत. 'लागेल कधीतरी' म्हणून माळ्यावर ठेवतात. बाथरूमच्या दुरुस्तीतून उरलेले पाइपचे तुकडे आज अखेर लागले! एक तुकडा आडवा ठेवून त्यावर फळी ठेवली की ती डावी-उजवीकडे डोलते. सर्फिंगवाले अशाच फळीवर तोल सांभाळायला शिकतात. बाबांनी दोन तुकडे खाली काढले. एक जास्तीचा असावा म्हणून.

मी फळीवर चढले. माझी नोकरी, माझा समुद्र, सगळं त्या पाइपवर होतं. गुडघे वाकवले, हात पसरले आणि अशी काही डोलले, की बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढंच?" आई म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता. इथे मी थांबायला हवं होतं.

"अगं, इतकं सोपं आहे, की तूसुद्धा करशील!"

आईने चहाचा कप खाली ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि फळीवर पाय ठेवला.

"अगं, जपून!" बाबा म्हणाले.

"तुम्ही टीपॉय सरकवा."

मी आईचा हात धरला होता. फळी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि आईला ते जमलं! चोपन्नाव्या वर्षी, पहिल्याच झटक्यात! मला जमायला दोन महिने आणि बरंच खारं पाणी लागलं होतं.

"वा वहिनी!" शेखकाका ओरडले.

"जुई, हात सोड. अडथळा होतोय मला."

मी हात सोडला, कौतुकाने एक पाऊल मागे घेतलं आणि ते बरोबर जास्तीच्या पाइपवर पडलं.

"काय गं पडलं?" आईने न वळता विचारलं. तिला तोल सांभाळायचा होता.

"मी."

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगटाचा फोटो उजेडात धरला. "मोडलंय. कशा पडलात?"

"सर्फिंग करताना," बाबा अभिमानाने म्हणाले.

"कुठे?"

"कोथरूडला. हॉलमध्ये."

"मग आज भरती असणार," असं म्हणून डॉक्टर प्लॅस्टर भिजवायला लागले.

मला वाटलं, संपलं सगळं. पण रात्रीच्या आमटीत गूळ होता. समुद्राने दोन वर्षांत लेकीला साधं खरचटूही दिलं नाही आणि आपल्या फरशीने एका दुपारी हात मोडला, हे आईने बघितलं होतं. राजीनाम्याचा विषय तिने परत काढला नाही. फक्त एका हाताने मला स्वयंपाक जमणार नाही म्हणून ती माझ्याबरोबर विशाखापट्टणमला आली.

दुसऱ्याच रविवारी आई लाटेवर उभी राहिली. मी वाळूत, प्लॅस्टरवर पिशवी बांधून, तिचा चष्मा सांभाळत बसले होते. माझ्या बुडालेल्या दोन रविवारांची भरपाई तिने इतकी व्यवस्थित केली होती, की शिकवणाऱ्या नव्या मुलाने माझ्याकडे बघून तिला हिंदीत विचारलं, "मुलगी नाही का येत? पाण्याची भीती वाटते का तिला?"

"पाण्याची नाही," आई म्हणाली. "तिला जमिनीचा त्रास आहे."