घरात माळ आली

तुमच्या ताटात काय नाही, एवढ्यावरून देव तुम्हाला ओळखतो असं तुम्हाला खरंच वाटतं का? प्रश्न टोचला असेल तर टोचू द्या. मलाही तो टोचूनच कळला. दोन वर्षं मला अगदी तसंच वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, ते मी छापून वाटतही होते.

आमचं गाव अड्याळपासून सायकलच्या अंतरावर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. आम्ही ढिवर. बाबा जाळं टाकतात, आई टोपलं घेऊन बाजारात बसते. घरात पुस्तकं नव्हती, पण पत्रकं पुष्कळ होती. सप्ताहाचं, दारूबंदीच्या मोर्चाचं, निवडणुकीचं, ज्याने जे हातात दिलं ते मी घरी आणायची आणि डब्यात जपून ठेवायची. शाळेच्या धड्यांपेक्षा त्या पातळ कागदांनी मला जास्त वाचायला शिकवलं. जीवदयेवरचं एक पत्रक तर पाठच होतं. आईच्या टोपल्यात तडफडणारी मरळ लहानपणापासून पाहत होते. तिचे उघडमीट होणारे कल्ले पाहून माझा घास अडायचा. एकोणिसाव्या वर्षी गावच्या सप्ताहात मी माळ घातली आणि मासोळी, कोंबडं, अंडं सगळं सोडलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. या लेखात मी तो मागे घेणार आहे असं कुणी समजू नये.

चूक पुढे झाली. माळ गळ्यात पडली आणि काही दिवसांतच माझ्या हातात तिची काठी झाली. शिकायला मी भंडाऱ्याला राहते, शनिवारी घरी येते. येताना मी स्वतःचा छोटा स्टोव्ह आणि डबा आणू लागले. ओसरीत बसून खिचडी शिजवायची, तिथेच खायची, तिथेच भांडं घासायचं. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणं मी बंद केलं. आईचं एकच मागणं होतं, एकदा माझ्या हातचं जेव. तिने ते किती शनिवारी मागितलं असेल! दर वेळी माझ्याकडे उत्तर तयार असे, कधी तोंडी, कधी छापील. एकदा बाबा, माझी फी ज्याच्यावर निघायची ते जाळं विणता विणता, मान वर न करता म्हणाले, “बापाचं जाळं चालते पोरीले, मायची चूल नाई चालत.” आई हळूच म्हणाली, राहू द्या. मी मात्र त्या रात्री माझं पहिलं पत्रक लिहिलं. त्यातलं ठळक अक्षरांतलं वाक्य असं होतं: ज्या घरात मासा शिजतो, त्या घरात देव पाणी पीत नाही.

वाक्य लोकांना आवडलं. कीर्तनात कुणीतरी ते म्हणून दाखवलं. मला वाटलं, देवाने माझ्याकडून लिहवून घेतलं. आईने मला पुन्हा जेवायला बोलावलं नाही. मी त्याला माझा विजय समजले. आतून मात्र काहीतरी कोरडं पडत चाललं होतं. नामस्मरणाला बसले की विठ्ठलाच्या जागी मला माझीच पत्रकं दिसायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

गेल्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या एकादशीला, मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन आंबागडच्या बाजूला निघाले. तिकडच्या खेड्यांत देवीला कोंबडे कापतात असं ऐकलं होतं. एकादशी मी कोरडी धरली होती, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमसरवरून मिळालेल्या गाडीने फाट्यावर सोडलं आणि पुढची वाट पायी धरली. भंडारा जिल्ह्यातल्या वैशाखाच्या दुपारी माणूस तर सोडाच, कुत्रंही सावली सोडत नाही. दोन खेड्यांत पत्रकं वाटली. तिसऱ्याच्या अलीकडे एक तलाव लागला. पाणी उतरून मधोमध आलं होतं आणि पाळीवर एकही झाड नव्हतं. डोकं ठणकत होतं, घाम यायचा थांबला होता. पाळीवरून उतरताना पायाखालची माती सरकली एवढं आठवतं.

शुद्ध आली तेव्हा मी खाटेवर होते. अंगावर ओलं लुगडं होतं, कुणीतरी तळपायाला कांद्याचा रस चोळत होतं. नाकात पहिला वास आला तो मासोळीचा. वाळत घातलेल्या झिंग्यांचा तो वास मी डोळे मिटूनही ओळखते. मी ढिवराच्याच घरात पडले होते. मी उठायला पाहिलं, पण मानही उचलेना. गावची आशा सेविका येऊन गेली होती, तिने साखर-मिठाचं पाणी पाजायला सांगितलं होतं आणि संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर तुमसरला न्यायचं बजावलं होतं. हे मला नंतर कळलं. माझी कोरडी एकादशी बेशुद्धीतच सुटली होती.

त्या घरात दोघी होत्या, पार्बताबाई नावाची म्हातारी आणि तिची सून मंदा. मुलगा कामाला बाहेरगावी होता. माझा ताप चढत होता, उतरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे मिटून पडले असताना शेजारची एक बाई वाटी घेऊन आली. तलाव उतरला म्हणून त्या दिवसांत सगळ्या मोहल्ल्यात मासोळी निघाली होती, घराघरांत मोठी मरळ शिजत होती. अशक्त माणसाला मरळीचा रस्सा देतात, आमच्याकडेही देतात. शेजारीण म्हणाली, पोरगी पांढरी पडली आहे, दोन घोट पाज, अंगात जीव येईल. पार्बताबाई म्हणाली, गळ्यात माळ आहे तिच्या. शेजारीण म्हणाली, “ते तं गुंगीत हाय. तिले काय समजते?”

मी ऐकत होते, पण जीभ टाळूला चिकटली होती. ‘नको’ हा एक शब्द मला म्हणता येत नव्हता. माझं सारं व्रत, सगळी पत्रकं, सगळी भाषणं त्या क्षणी एका अनोळखी म्हातारीच्या हातातल्या वाटीवर येऊन थांबली होती. मी मनात पांडुरंगाला हाक मारली, आणि खरं सांगते, कित्येक महिन्यांनी त्या हाकेत पत्रक नव्हतं.

मग पार्बताबाईचा आवाज आला. “तिले नाई समजनार. पन मले तं समजते ना.”

वाटी परत गेली. बाहेर तीन दगडांची नवी चूल मांडल्याचा आवाज आला. म्हातारीने आढ्याला टांगलेला एक गंज खाली काढला. आमच्याकडे भात शिजवायच्या पातेल्याला गंज म्हणतात. हा फडक्यात गुंडाळलेला होता, उपासाच्या दिवसांचा, त्यात मासोळी कधी शिजली नव्हती. त्यात तिने तांदळाची पेज केली, मीठ घातलं आणि मला बाळाला भरवावं तशी भरवली. घास घेताना मी रडले. तिला वाटलं पेज गरम आहे, म्हणून ती फुंकर घालू लागली.

तिसऱ्या दिवशी मला बसता आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळा मोहल्ला मरळ खात असताना या दोघी अंबाडीची भाजी आणि भात खात होत्या. वर्षातून एकदा तलाव उतरतो. ढिवराच्या घरी ते दिवस सणाचे असतात. मी मंदाला विचारलं, तुमच्या वाट्याची मासोळी कुठे गेली? ती सहज म्हणाली, वाटून टाकली. घरात माळ आली की मासोळी बाहेर, अशी त्यांची रीत होती. ती ‘माळकरी आला’ म्हणत नव्हती, ‘माळ आली’ म्हणत होती, जसं पाऊस आला म्हणावं, देवी आली म्हणावं. आमच्या गावी ढिवराघरी माळकरी पाहुणा कधी उतरलाच नाही, म्हणून ढिवराची लेक असून मला ही रीत ठाऊक नव्हती.

त्याच दुपारी मंदाने माझी पिशवी झटकली आणि तलावाच्या चिखलाने ओलावलेली आतली पत्रकं उन्हात वाळत घातली. एक उचलून ती सासूला वाचून दाखवू लागली. मला तिला थांबवायचं होतं, पण कोणत्या तोंडाने थांबवणार होते? ती अडखळत त्या ठळक ओळीवर आली. ज्या घरात मासा शिजतो, त्या घरात देव पाणी पीत नाही. म्हातारीने पुन्हा वाचायला लावलं. मग पदर तोंडाला लावून हसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “मंग हे कोन हाय व मंदे, तीन दिवसापासून पेऊन राहिली?”

मंदा हसली. मीही हसले आणि हसता हसता माझा हुंदका फुटला. कुणी माझा वाद खोडला असता तर मी भांडले असते. वाद मला येतो. पण त्या म्हातारीला वाद घालायचाच नव्हता. तिने माझ्या गळ्यात तीन दिवस देव पाहिला होता. मी मात्र दोन वर्षांत, ज्यांनी मला जन्म दिला त्यांच्या घरातही तो पाहिला नव्हता.

मग तिने विचारलं, कोणाची ग तू? मी खालमानेने सांगितलं, ढिवराचीच. अड्याळकडची. तिला आश्चर्य वाटलं नाही. पत्रकांची घडी घालत ती म्हणाली, “असं का? मंग तुया मायनं बी वेगळा गंज ठेवला असन तुयासाठी.”

दोन वर्षांत मी आईच्या स्वयंपाकघरात डोकावलेच नव्हते.

चौथ्या दिवशी मंदाने मला गाडीत बसवून दिलं. पत्रकं मी तिथेच ठेवली. म्हातारी म्हणाली, चूल पेटवायला बरी. सगळ्या प्रवासात तो गंजच मनात घोळत होता. ठेवला नसेल तर? माझ्या कडूपणाने आईचं मन विटलं असेल तर? आणि ठेवला असेल तर ती कधी बोलली का नाही?

घरी पोचले तेव्हा आई अंगणात तांदूळ पाखडत होती, बाबा ओसरीत होते. माझा उतरलेला चेहरा पाहून आई उठली. मी चपला काढल्या, पाय धुतले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच सरळ स्वयंपाकघरात गेले. चूल नुकतीच सारवलेली होती. कोपऱ्यातल्या फळीवर, बाकीच्या भांड्यांपासून लांब, पालथं ताट झाकलेला एक छोटा गंज होता. ताट उचललं. आत भात होता. बाजूच्या वाटीत बेसन, म्हणजे पिठलं.

मागे आई येऊन उभी होती. मी विचारलं, हे कुणाचं? ती गडबडली, चोरी सापडल्यासारखी. म्हणाली, तुझंच. आज शनिवार ना. शनिवारी तू येतेस म्हणून आदल्या दिवशीच चूल सारवते, शनिवार-रविवार घरात मासोळी आणत नाही. एखाद्या वेळी जेवशील म्हणून तुझ्या वाटचं दर वेळी रांधून ठेवते. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? आईने पदराने हात पुसले. “सांगाले आली होती एक डाव. तू मले पत्रक वाचून दाखवाले लागली.”

ओसरीतून बाबांचा आवाज आला, “दोन वर्षं झाले, तुया वाटचं बेसन मीच खाऊन राहिलो. आज तरी सोडव बापा मले.”

मी तिथेच, चुलीजवळ जमिनीवर बसले. आईने ताट वाढलं. तो भात मी कसा खाल्ला हे मला लिहिता येत नाही. एवढंच सांगते की त्या ताटासमोर मी डोळे मिटले तेव्हा पांडुरंग समोर उभा होता, आणि तो माझ्याकडे पाहत नव्हता, आईकडे पाहत होता.

आजही मी मासोळी खात नाही, खाणारही नाही. तडफडणाऱ्या जिवाची कळ मला अजून कळते. पण माझं व्रत मी एकटी पाळते असा माझा जो समज होता, तो आंबागडच्या वाटेवर सुटला. शुद्ध नसताना ते पार्बताबाईने सांभाळलं, आणि माझ्या पाठीमागे दोन वर्षं आई ते सांभाळत होती. यात चमत्कार होता की नव्हता, मला ठाऊक नाही. ज्यांना मी देवापासून दूर समजत होते, त्यांच्या ओंजळीतून देवाने मला पाणी पाजलं, एवढं मात्र खरं. शरण जायचं ते अशा ओंजळीला, हे मला कोणत्याही पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

तुम्ही शाकाहारी असा नाहीतर नसा, तुमच्याकडे माझी एक मागणी आहे. ज्या घरचा घास तुम्ही तत्त्व सांगून नाकारला आहे, असं एखादं घर तुम्हाला आत्ता आठवलं असेल. येत्या आठवड्यात तिथे जा. तुमचं व्रत सोडू नका आणि त्यांना त्यांचं खाणं सोडायला सांगू नका. चपला काढा, पाय धुवा, स्वयंपाकघरात जा आणि फक्त एवढंच विचारा: माझ्यासाठी काय ठेवलंय? मग जे ताट समोर येईल, ते जमिनीवर बसून जेवा.