अर्ध्या मिनिटाचा थांबा

वाचनालयातले संगणक सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘थांबा’च म्हणत. कुणी काहीही विचारो, त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: “थांबा, बघू.”

तिथले बारा संगणक त्यांनीच वाचून-वाचून, चुकत-माकत उभे केले होते. या यंत्रांच्या पोटात स्वतःची डिस्क नव्हती. आतल्या खोलीतल्या मोठ्या यंत्राकडून तारेवाटे सगळं मागून घ्यायचं आणि जागं व्हायचं, असा त्यांचा संसार. सोमवारी तारा जोडायची पेटी बदलली आणि मंगळवारी बाराच्या बारा रुसून बसले. काळ्या पडद्यावर एकच ओळ: डिस्क सापडत नाही.

“थांबा, आता सगळंच थांबलं हो,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. चालत नसतील तर देऊन टाका, असा वरून हुकूम आहे.”

“जुनी पेटी कुठंय?”

“ती कालच नेली त्यानं.”

थांबा नव्या पेटीसमोर फरशीवर मांडी घालून बसले. एक यंत्र सुरू केलं. त्यानं सुरुवातीचा भाग आणला, मग क्षणभर तार सोडून पुन्हा धरली. तेवढ्यानं पेटीला ते परकं वाटलं. तिनं त्याची वाट अडवली, दिवा पिवळा झाला. अर्ध्या मिनिटानं हिरवा झाला खरा, पण तोवर यंत्र हाका मारून गप्प झालं होतं.

थांबांना घर आठवलं. आजारपणापासून बायकोचे शब्द उशिरा येत. शेजारीण “कशी आहेस गं?” विचारी, आणि उत्तर ओठांवर येईतो जिना उतरून जाई. ते मात्र समोर बसून राहत. उत्तर येई. दरवेळी येई.

ते उठले. मोठ्या यंत्रावरच्या सुरुवातीच्या आज्ञेत एवढंच वाढवलं: डिस्क मागण्याआधी चाळीस सेकंद वाट पाहा.

साडेतीनला बाईंनी बटण दाबलं. पडदा काळाच. “काही नाही हो,” म्हणत त्यांनी पुन्हा बटणाकडे हात नेला.

“बाई, थांबा!”

“स्वतःलाच हाक मारताय की मला सांगताय?”

तेवढ्यात पडदा उजळला. मग एकेकाचं बटण दाबत दुसरा, तिसरा, असे बाराही. टेम्पो दोन मोडक्या खुर्च्या घेऊन परत गेला.

संध्याकाळी दारातच चप्पल काढता काढता ते म्हणाले, “वाचले गं, बाराही.”

ती नुसती बघत राहिली. त्यांनी पिशवी खुंटीला लावली, खुर्ची जवळ ओढली, बसले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “थांबलात... म्हणून.”